विश्लेषण : चालू प्रोग्रॅमची मेमरी कशी वाचतात? ॲलन ट्युरिंग यांच्या आयुष्याशी तिचा काय संबंध?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणारे अनेक कारखाने आहेत. तिथे भट्टी चालू असतानाच वितळलेल्या लोखंडाचा लहानसा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात. कार्बन किती, मँगनीज किती, हे कळले की पुढे काय घालायचे ते ठरते. भट्टी विझवून, माल थंड करून तपासणी करायची म्हटली तर उशीर झालेला असतो. संगणकाच्या प्रोग्रॅमचेही असेच आहे. तो चालू असताना त्याच्या पोटात काय आहे, हे अनेकदा त्याच वेळी पाहावे लागते. आज हे काम दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट करू शकते. ते करावे का लागते, याचे उत्तर मात्र ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाच्या कामात सापडते. आतले वाचण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस फार क्रूरपणे उभा राहिला.

प्रोसेस म्हणजे काय? तिच्या मेमरीत काय असते?

मोबाइलमध्ये एखादे ॲप नुसते पडून असते तेव्हा ती स्टोअरेजमधली फाइल असते. त्यावर बोट ठेवताच ऑपरेटिंग सिस्टीम ते उघडून रॅममध्ये आणते आणि त्याच्या सूचना एकामागून एक पाळल्या जाऊ लागतात. अशा चालत्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. तिला मेमरीचा स्वतंत्र हिस्सा मिळतो. त्यात प्रोग्रॅमच्या सूचना असतात, त्या क्षणीचे आकडे असतात, टाइप केलेला मजकूर असतो, उघडलेला फोटो असतो. कधी काही क्षणांसाठी पासवर्डही असतो. ॲप बंद झाले की हा हिस्सा परत घेतला जातो आणि दुसऱ्या कामाला दिला जातो. म्हणूनच फाइल तपासून जे कळत नाही, ते चालू प्रोसेसच्या मेमरीत सापडू शकते.

ॲलन ट्युरिंग कोण होते?

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. घराण्याचा भारताशी जवळचा संबंध होता. वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आज ओडिशात असलेल्या छत्रपूरला त्यांची नेमणूक होती. आई एथेल सारा या मद्रास रेल्वेच्या मुख्य अभियंत्यांच्या कन्या. आई-वडील नोकरीपायी भारतात आणि ॲलन व थोरला भाऊ जॉन हे इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असे त्यांचे बालपण गेले.

१९२६ मध्ये त्यांना शेरबर्नच्या निवासी शाळेत घातले. शाळा सुरू होण्याच्या दिवशीच इंग्लंडमध्ये सार्वत्रिक संप होता आणि गाड्या बंद होत्या. तेरा वर्षांचा हा मुलगा साउदॅम्प्टनहून सुमारे ९५ किलोमीटर सायकल चालवत, वाटेत एक मुक्काम करून, शाळेत पोहोचला. शाळेत त्यांना ख्रिस्तोफर मॉरकॉम हा विज्ञानाची तितकीच ओढ असलेला मित्र भेटला. फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने मॉरकॉमचा मृत्यू झाला. माणसाचे मन आणि त्याचे शरीर यांचे नाते काय, हा प्रश्न त्या धक्क्यानंतर ट्युरिंग यांच्या मनात घर करून राहिला. पुढे १९३१ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथले फेलो झाले.

१९३६ च्या निबंधात त्यांनी काय मांडले?

गणितातील कोणतेही विधान सिद्ध होऊ शकते की नाही, हे ठरवणारी एक ठरावीक रीत असू शकते का, असा प्रश्न तेव्हाच्या गणितज्ञांपुढे होता. ट्युरिंग यांनी आधी रीत म्हणजे काय हेच नेमके केले. त्यासाठी एक कागदी यंत्र कल्पिले. लांबच लांब फीत, तिच्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक खूण. यंत्र एका वेळी एकच चौकोन वाचते. खूण कोणती आणि यंत्राची त्या क्षणीची अवस्था कोणती, या दोन गोष्टींवरून ते ठरवते की खूण बदलायची का, डावीकडे सरकायचे की उजवीकडे आणि पुढची अवस्था कोणती.

यातून दोन मोठे निष्कर्ष निघाले. पहिला असा, की दुसऱ्या यंत्राचे वर्णन फितीवर लिहून दिले तर एकच यंत्र कोणत्याही यंत्राचे काम करू शकते. सूचना आणि माहिती एकाच जागी, एकाच प्रकारच्या खुणांनी ठेवता येतात. आजच्या मोबाइलच्या मेमरीत ॲपच्या सूचना आणि फोटो शेजारी-शेजारी असतात, त्यामागे हाच विचार आहे. दुसरा निष्कर्ष मर्यादा दाखवणारा होता.

आत पाहावेच लागते, असे का?

एखादे यंत्र पुढे कसे वागेल, हे त्याच्या केवळ वर्णनावरून प्रत्येक वेळी सांगू शकेल अशी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही, हे ट्युरिंग यांनी सिद्ध केले. दिलेला प्रोग्रॅम कधी थांबेल की फिरतच राहील, या रूपात हा प्रश्न आज ओळखला जातो. साध्या प्रोग्रॅमबाबत उत्तर देता येते, पण सगळ्यांना लागू पडेल अशी एक किल्ली नाही. अधिक वेगवान संगणक आणून ही अडचण सुटत नाही, कारण ती गणिताची आहे.

व्यवहारात याचा परिणाम मोठा आहे. ॲप लिहिणाऱ्याला स्वतःचीच सूचनावली समोर असूनही काही चुका दिसत नाहीत. व्हायरसची फाइल वाचून तो काय करणार याचा पूर्ण अंदाज नेहमी येतोच असे नाही. मग प्रोग्रॅम चालवायचा आणि चालताना आत डोकावायचे, हा मार्ग उरतो. चुका शोधणारी डीबगर नावाची साधने आणि मेमरी वाचणाऱ्या स्क्रिप्ट याच गरजेतून आल्या.

एनिग्मा यंत्राच्या आतले न उघडता कसे कळले?

प्रिन्स्टन विद्यापीठातून १९३८ मध्ये पीएचडी घेऊन ट्युरिंग इंग्लंडला परतले. युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ते ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात हजर झाले. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा यंत्रातून सांकेतिक होऊन निघत. यंत्रातील चाके प्रत्येक अक्षरागणिक फिरत, त्यामुळे यंत्राची अवस्था सतत बदलत असे. पाचांपैकी तीन चाके निवडून लावण्याचे ६० प्रकार आणि त्या तीन चाकांच्या १७,५७६ सुरुवातीच्या स्थिती मिळून दहा लाखांवर शक्यता होत. पुढच्या फळीवरील तारांच्या जोडण्यांनी हा आकडा अफाट वाढत असे. शिवाय मांडणी रोज बदले.

शत्रूचे चालू यंत्र उघडून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मग बाहेर आलेल्या संदेशावरून आतली अवस्था शोधायची होती. पोलंडच्या गणितज्ञांनी युद्धापूर्वीच या कामाचा पाया घातला होता. संदेशात हवामानासारखे ठरावीक शब्द असणार, हा अंदाज आणि एनिग्मात कोणतेही अक्षर सांकेतिक रूपात तेच अक्षर म्हणून येत नाही, ही त्याची उणीव, या दोन्हींचा ट्युरिंग यांनी उपयोग केला. त्यांनी आखलेले बाँब नावाचे यंत्र अशक्य मांडण्या झपाट्याने बाद करत असे. पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये बसले. गॉर्डन वेल्चमन यांच्या सुधारणेने ते खूपच उपयोगी झाले. अटलांटिक महासागरात पाणबुड्या अन्नधान्याची जहाजे बुडवत होत्या, तेव्हा जर्मन नौदलाचे संकेत फोडणाऱ्या विभागाचे नेतृत्व ट्युरिंग यांच्याकडे होते.

चालू मेमरी डोळ्यांनी कधी दिसू लागली?

युद्धानंतर ट्युरिंग राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गेले आणि संगणकाचा तपशीलवार आराखडा लिहिला. पण बांधणी रखडली. दरम्यान मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी बेबी हे छोटे यंत्र उभे केले. २१ जून १९४८ रोजी मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम त्यावर प्रथमच यशस्वीपणे चालला. एका मोठ्या संख्येचा सर्वांत मोठा भाजक शोधायला त्याला ५२ मिनिटे लागली. त्याच वर्षी पुढे ट्युरिंग मँचेस्टरला रुजू झाले.

बेबीची मेमरी टीव्हीच्या जुन्या पिक्चर ट्यूबसारख्या काचेच्या नळीत होती. पडद्यामागच्या विद्युतभाराच्या ठिपक्यांत एक आणि शून्य साठवले जात. ३२ ओळी, प्रत्येकीत ३२ बिट, म्हणजे एकूण १,०२४ बिट. आजच्या हिशेबाने १२८ बाइट. हे भार क्षणार्धात विरत, म्हणून यंत्र ते सतत वाचून पुन्हा लिहीत असे. शेजारी दुसरी नळी होती. मेमरीत जे असेल तेच तिच्यावर ठिपक्यांच्या रूपात उजळे. प्रोग्रॅम चालत असताना ठिपके नाचताना दिसत आणि तो थांबला की उत्तर पडद्यावर स्थिर होई. चालू प्रोग्रॅमची मेमरी वाचण्याचा हा अगदी प्रारंभीचा प्रकार होता. त्यासाठी स्क्रिप्ट लागत नसे, सराव झालेले डोळे लागत.

ट्युरिंग आकडे उलटे का वाचत?

मँचेस्टरच्या या यंत्रावरून फेरांटी कंपनीने विक्रीसाठी मार्क वन संगणक बनवला. तो १९५१ मध्ये विद्यापीठात आला. त्याच्या प्रोग्रॅमरसाठी पुस्तिका ट्युरिंग यांनी लिहिली. त्यांनी पाच-पाच बिटांचे गट केले. पाच बिटांतून ३२ शक्यता होतात, म्हणून प्रत्येक गटाला टेलिप्रिंटरच्या संकेतातील एक चिन्ह दिले. त्यामुळे ४० बिटांची ओळ आठ चिन्हांत लिहिता येई. यंत्रात संख्येचा सर्वांत लहान अंक आधी येत असल्याने ही लिखावट नेहमीच्या उलट होती.

ट्युरिंग यांना यात काही अवघड वाटत नसे. ते नळीवरचे ठिपके पाहून थेट अर्थ लावू शकत. बाकीच्यांना मात्र ३२ चिन्हांचा तक्ता पाठ करावा लागे आणि पुस्तिकेतील चुकाही त्रास देत. ही तक्रार रास्त होती. मेमरी समोर उघडी असणे आणि ती कळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळातच स्पष्ट झाले. पुढे सोप्या प्रोग्रॅमिंग भाषा आल्या त्या याच कारणाने.

चूक शोधण्यासाठी त्यांनी काय सुचवले?

जून १९४९ मध्ये केंब्रिजला संगणक परिषद झाली. तिथे ट्युरिंग यांनी मोठा प्रोग्रॅम तपासण्याबद्दल छोटे व्याख्यान दिले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरावीक टप्प्यांवर आपले दावे नोंदवावेत. या टप्प्यावर अमुक जागी अमुक संख्या असली पाहिजे, असा प्रत्येक दावा. तपासणाऱ्याने मग एकेक दावा स्वतंत्रपणे पाहावा. सगळे खरे निघाले की पूर्ण प्रोग्रॅम बरोबर असल्याची खात्री होते. दुकानदार लांबलचक बेरजेत हातचे वर लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याला एकेका रकान्याची पडताळणी करता येते, तसेच हे आहे. सर्वांसाठी एक किल्ली नाही हे सिद्ध करणाऱ्या माणसानेच ज्याचा त्याचा प्रोग्रॅम तपासण्याची वाट दाखवली. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. आज मेमरीतील कोणती जागा पाहायची आणि तिथे काय सापडायला हवे, हे आधी ठरवणे हा तपासणीचा पहिला नियम आहे.

महाराष्ट्रात अशी मेमरी कधी आली?

ट्युरिंग केंब्रिजला शिकत असतानाच मुंबईचे होमी भाभा तिथे संशोधन करत होते. भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात संगणक बांधायचे ठरले. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण चमूने आधी प्रायोगिक यंत्र केले. पूर्ण यंत्र १९६० मध्ये अधिकृतपणे कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक ठेवले.

टिफ्रॅकची मेमरी मँचेस्टरच्या नळीऐवजी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेले प्रत्येक कडे एक बिट सांभाळे. ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे साधारण १० किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा एक साधा फोटो याहून कितीतरी मोठा असतो. या कड्यांची एक गंमत होती. कडे वाचले की त्यातील मजकूर पुसला जाई, म्हणून वाचल्यावर लगेच तेच पुन्हा लिहावे लागे. अशा कड्यांना इंग्रजीत कोअर म्हणत. प्रोग्रॅम कोसळला की त्याची सगळी मेमरी फाइलमध्ये ओतली जाते, त्या फाइलला आजही कोअर डंप म्हणतात. कडी गेली, नाव राहिले.

आज स्क्रिप्ट मेमरी कशी वाचते?

लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोसेसला एक क्रमांक असतो. प्रॉक नावाच्या फोल्डरमध्ये त्या क्रमांकाचे दालन असते. तिथल्या फाइली डिस्कवर नसतात, मागणी येताच ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा त्या तयार करून दाखवतो. त्यातील दोन फाइली महत्त्वाच्या. मॅप्स ही नकाशाची फाइल. कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत काय आहे आणि तिथे वाचण्याची वा लिहिण्याची मुभा आहे का, हे तिच्यात असते. मेम ही खुद्द मेमरी.

पायथनमधली छोटी स्क्रिप्ट आधी नकाशा वाचते. वाचता येण्याजोगे पट्टे निवडते. मग मेम फाइल उघडून त्या पत्त्यावर जाते आणि तिथले बाइट उचलून त्यात हवे ते शोधते. नकाशा आधी घ्यावाच लागतो, कारण सुरक्षेसाठी प्रोसेसचे पत्ते दर वेळी बदलून दिले जातात. काल सापडलेली जागा आज तिथे नसते. विंडोजमध्ये याच कामासाठी ऑपरेटिंग सिस्टीमचे स्वतंत्र फंक्शन आहे.

एक अडचण भट्टीच्या नमुन्यासारखीच आहे. वाचन सुरू असताना प्रोसेस थांबलेली नसते. अर्धा भाग वाचून होईपर्यंत उरलेला बदललेला असू शकतो. सुसंगत चित्र हवे असेल तर प्रोसेस क्षणभर गोठवतात, प्रत घेतात आणि पुन्हा सोडतात.

मिळालेल्या बाइटचा अर्थ कसा लावतात?

समजा एका जागी २३२, ३, ०, ० असे चार बाइट मिळाले. आजच्या बहुतेक मोबाइल आणि संगणकांत संख्येचा लहान भाग आधी ठेवतात, म्हणजे ट्युरिंग यांच्या पुस्तिकेसारखेच उलटे. त्यामुळे ही संख्या ३ गुणिले २५६ अधिक २३२, म्हणजे १,००० होते. तेच बाइट उलट्या क्रमाने घेतले तर भलताच प्रचंड आकडा येतो.

मराठी मजकुराचे पाहू. ज हे अक्षर एका पद्धतीत २२४, १६४, १५६ असे तीन बाइट घेते, तर दुसऱ्या पद्धतीत २८ आणि ९ असे दोनच. जालना हा शब्द पहिल्या पद्धतीत १५ बाइटांचा आणि दुसरीत १० बाइटांचा होतो. स्क्रिप्टने चुकीच्या पद्धतीने शोध घेतला तर शब्द मेमरीत असूनही सापडला नाही असेच उत्तर येते. बाइटवर ही संख्या आहे, हे नाव आहे, हा पासवर्ड आहे अशी पाटी लावलेली नसते. अर्थ बाहेरून, रचना माहीत असणाऱ्याकडून येतो.

कुणीही कुणाच्याही ॲपची मेमरी वाचू शकते का?

नाही. स्क्रिप्टने मागणी केली की ऑपरेटिंग सिस्टीम आधी अधिकार तपासते. लिनक्समध्ये साधारणपणे स्वतःच्याच प्रोसेसची मेमरी वाचता येते. दुसऱ्याच्या प्रोसेससाठी सर्वाधिकार असलेले खाते लागते. उबुंटूसारख्या प्रणालीत आणखी एक कडी आहे. स्वतःचीच असली तरी, आपण सुरू न केलेली प्रोसेस सहजासहजी वाचू दिली जात नाही.

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानले जाते. त्यामुळे टॉर्चचे ॲप बँकेच्या ॲपच्या मेमरीत डोकावू शकत नाही. फोन रूट केला की सर्वाधिकार मिळवण्याची वाट मोकळी होते आणि ही भिंत कमकुवत होते. अनेक बँकांची ॲप रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात, त्याचे एक कारण हेच.

भिंत पडली तर काय होते?

२०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीत सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. कार्ड घासल्यावर त्यातील माहिती काही क्षण यंत्राच्या रॅममध्ये उघडी असे. चोरांनी घुसवलेला प्रोग्रॅम चालू प्रोसेसची मेमरी चाळून नेमके तेच क्षण टिपत होता. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली. तीत वेबसाइटच्या सर्व्हरला विशिष्ट विनंती पाठवली की त्याच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा परत येत असे. त्यात दुसऱ्या ग्राहकांचे पासवर्डही असू शकत.

हेच तंत्र तपासातही उपयोगी पडते. संशयिताचा संगणक चालू स्थितीत सापडला तर रॅमची प्रत आधी घेतली जाते, कारण वीज गेली की तिच्यातील मजकूर आणि डिस्क उघडणारी किल्ली दोन्ही नाहीशी होतात. भारतात दुसऱ्याच्या संगणकातील माहिती परवानगीविना अप्रामाणिकपणे घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तंत्र एकच असते. ते कुणाच्या परवानगीने वापरले, यावर तपास की चोरी हे ठरते.

ट्युरिंग यांचे पुढे काय झाले?

१९५० मध्ये यंत्र विचार करू शकते का, यावरचा त्यांचा गाजलेला निबंध आला. १९५१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९५२ मध्ये प्राण्यांच्या अंगावरील ठिपके आणि पट्टे कसे उमटत असावेत, याचे गणित त्यांनी मांडले. त्यासाठीची आकडेमोड ते मँचेस्टरच्या त्याच संगणकावर करत.

त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या घरी चोरी झाली. तक्रार त्यांनीच पोलिसांत दिली. तपास मात्र चोराऐवजी त्यांच्याकडे वळला. एका पुरुषाशी असलेले त्यांचे संबंध उघड झाले. ब्रिटनमध्ये तेव्हा तो गुन्हा होता. ३१ मार्च १९५२ रोजी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तुरुंग टाळण्यासाठी वर्षभर हार्मोनचे उपचार स्वीकारावे लागले. सरकारच्या गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले. युद्धात काय केले, हे बचावासाठी सांगण्याचीही सोय नव्हती, कारण ब्लेचली पार्कचे काम गोपनीय होते आणि पुढे १९७० च्या दशकापर्यंत ते तसेच राहिले. सरकारने एनिग्माचे गुपित जिवापाड जपले. ते फोडणाऱ्याच्या खासगी आयुष्याला मात्र कसलीच भिंत उरली नाही.

७ जून १९५४ रोजी विल्म्सलो येथील घरी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. तो अपघात असावा, असे त्यांच्या आईला अखेरपर्यंत वाटत होते आणि काही अभ्यासकांनीही तशी शंका घेतली आहे.

त्यांना न्याय मिळाला का?

२००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी सरकारतर्फे माफी मागितली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये राजघराण्याकडून मरणोत्तर क्षमा जाहीर झाली. २०१७ मध्ये अशाच कायद्यांखाली शिक्षा झालेल्या हजारो मृत व्यक्तींना ती लागू झाली. भारतातही इंग्रजांनी आणलेले कलम ३७७ होते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्याचा आधार पुढच्या निकालाला मिळाला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध या कलमातून वगळले गेले.

२३ जून २०२१ रोजी, ट्युरिंग यांच्या जन्मदिनी, बँक ऑफ इंग्लंडने त्यांचे चित्र असलेली ५० पौंडांची नोट चलनात आणली. तिच्यावर एक कागदी फीत आहे आणि फितीवर एक व शून्य यांचे २५ अंक आहेत. ते नुसते पाहून काही कळत नाही. ती एकच संख्या आहे, असे धरून नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहिली की २३०६१९१२ येते. ही ट्युरिंग यांची जन्मतारीख आहे.